चिमूटभर मिठाची गोष्ट

चकलीच्या भाजणीत मीठ घालताना घरातल्या बाईचा हात क्षणभर थबकतो. कमी पडले तर अळणी, जास्त झाले तर सारा घाणा वाया! हाच चिमटीचा हिशेब वैद्यकाच्या इतिहासात एकदा फार मोठा ठरला. स्वित्झर्लंडमधले नामांकित डॉक्टर शंभर वर्षे ज्या प्रश्नावर भांडत राहिले, त्याचे उत्तर ओटो बेयार्ड नावाच्या एका खेड्यातल्या डॉक्टराने मिठाच्या पोत्यात शोधले.

प्रश्न गलगंडाचा होता. आपल्या गळ्यात श्वासनळीला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला आपण आज थायरॉइड म्हणतो. शरीराची चूल किती पेटती ठेवायची हे तिच्या रसावर ठरते. तो रस करायला तिला आयोडीन लागते, आणि तेही किती? मोठ्या माणसाला दिवसाला ग्रॅमचा सुमारे सात हजारावा भाग. तेवढेही मिळाले नाही, की ती बिचारी हाती येईल ते धरून ठेवण्यासाठी स्वतःच वाढू लागते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही गलगंडाचे वर्णन आहे, तेव्हा हे दुखणे काही नवे नव्हे.

आल्प्सच्या दऱ्यांत मात्र त्याने ठाणच मांडले होते. हिमयुगातल्या बर्फाने तिथली वरची माती खरवडून नेली आणि मातीबरोबर आयोडीनही गेले. धान्यात नाही, गवतात नाही, म्हणून दुधातही नाही. त्या मुलखातल्या बायका गळ्याला घट्ट बसणारी रुंद पट्टी दागिन्यासारखी बांधत; तिच्याआड गाठ झाकली जाई. पण गाठ हे दुःखाचे केवळ दिसणारे टोक होते. जिथे आईलाच आयोडीन मिळत नसे, तिथे काही मुले पोटातूनच खुरटून येत: बुटकी, बहिरी-मुकी, समज खुंटलेली. अशांना ‘क्रेटिन’ म्हणत. तो शब्द तिथल्या बोलीतल्या ‘ख्रिस्ती’ या शब्दावरून आला असे सांगतात; म्हणजे हाही देवाचेच लेकरू, असा त्यातला मूळ भाव. पुढे त्याची शिवी झाली. मी शाळामास्तर आहे. मागच्या बाकावरच्या पोराला ‘मठ्ठ’ म्हणून मीही एकेकाळी हिणवले आहे. त्या दऱ्यांविषयी वाचताना तो शब्द मला आठवला आणि शरम वाटली.

औषध तर केव्हाच सापडले होते. 1811 साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच माणसाला समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन मिळाले. गलगंडावर जाळलेल्या स्पंजाची राख देण्याची युरोपात जुनी चाल होती. त्या राखेतला गुण आयोडीनचाच असणार, हे जिनिव्हाच्या ज्यां-फ्रांस्वा क्वांदे या डॉक्टराने ताडले आणि 1820 साली त्याने गलगंडावर आयोडीन सुचवले. लोक तुटून पडले. पण मात्रा भलतीच मोठी होती! कुणाच्या छातीत धडधड सुरू झाली, कुणी झडत गेले, कुणाचे हात कापू लागले. पुढची शंभर वर्षे आयोडीन म्हटले की डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तेच रोगी उभे राहत. ही भीती खोटी नव्हती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

मग वळले शस्त्राकडे. बर्नचे थिओडोर कोखर यांचा हात इतका सफाईदार, की गाठ कापणे त्यांना सोपे झाले. 1874 साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची सबंध ग्रंथी काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. आणि हळूहळू मंद, सुजकट होत गेली. 1883 साली आपले जुने रोगी परत बोलावून पाहिल्यावर कोखर यांना कळले, की ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली त्यांतले बहुतेक असेच झाले होते. हे त्यांनी झाकले नाही, जगजाहीर सांगितले. थायरॉइडवरच्या कामाबद्दल 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मला त्यांचा मोठेपणा त्या कबुलीत अधिक दिसतो.

गलगंड पाण्यातून होतो, असे तेव्हा पुष्कळ विद्वान मानत. गिलगिटमध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट मॅककॅरिसन यांनाही पाण्याचाच संशय होता. अशा वेळी अडलिसविल गावचे साधे डॉक्टर हाइनरिख हुन्झिकर यांनी 1915 साली उलटच सांगितले: विष शोधू नका, अन्नात काय कमी आहे ते पाहा, आणि द्यायचे तर आयोडीन कणभर द्या, पण रोज द्या.

बेयार्ड यांनी ते करून पाहिले. व्हाले प्रांतातल्या डोंगरावर सोळाशे मीटर उंचीवर ग्रेखेन नावाचे गाव आहे. तिथे तेव्हा गाडीरस्ता नव्हता, खेचरांची वाट होती. 1918 साली त्यांनी तिथल्या पाच कुटुंबांचे मीठ तयार केले. किलोमागे अवघे काही मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, फावड्याने कालवलेले. बायकांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला. काही महिन्यांनी त्यांनी पुन्हा गळे मोजले. गाठी लहान झाल्या होत्या आणि कुणाला अपाय झाला नव्हता. क्वांदे यांचेच औषध, पण इतक्या बारीक मापाने! माझ्यासारख्या कादंबरीकाराला इथे एखादा नाट्यपूर्ण प्रसंग हवासा वाटतो. पण घडले ते इतकेच, सूप आणि बटाट्यांच्या पातेल्यात.

1922 च्या जानेवारीत बर्नमध्ये गलगंड समिती बसली आणि तिने अखेर या मिठाला मान्यता दिली. हेरिसाउचे शल्यवैद्य हान्स एगेनबेर्गर तोवर थांबलेच नव्हते. त्यांनी सह्या गोळा करून लोकांकडूनच मागणी करवली. त्याच वर्षी त्यांच्या आपेनझेल आउसररोडेन प्रांतात हे मीठ दुकानात आले. साधे मीठही शेजारीच विकायला होते. सक्ती कुणावर नव्हती. पुढे तिथल्या तान्ह्या बाळांच्या गळ्यांतल्या गाठी दिसेनाशा झाल्या.

आपल्याकडे समुद्रकाठी मीठ पिकते, तेव्हा त्यात आयोडीन असणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. मिठागरातल्या मिठात ते जवळजवळ उरतच नाही, म्हणून वेगळे घालावे लागते. हिमालयाच्या पायथ्याशी तर गलगंडाचा मोठा पट्टाच होता. 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखावर लोकांत हा प्रयोग केला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोहोंना आयोडीनचे मीठ, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन भागांत गलगंड निम्म्यावर आला. तिसऱ्यात होता तसाच राहिला. पुरावा बिनतोड होता, आणि 1962 साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

तरी माझे मन त्या तिसऱ्या भागातच अडकते. ती इतकी वर्षे तिथल्या आयाही भाजीत मीठ घालतच होत्या. त्यांची पोरेही शाळेत येऊन मागच्या बाकावर बसली असतील. 1962 नंतर तेच मीठ त्यांच्याही घरी पोचले.