मुंबईतील घरगुती विहिरी आणि हिवतापविरोधी मोहीम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
नळाचे पाणी येण्यापूर्वी मुंबई बेटावरील वस्ती विहिरी, आड व तलाव यांवर अवलंबून होती. १७२५ मध्ये खोदलेली भिका बेहराम विहीर चर्चगेट परिसरात आजही त्याची साक्ष देते. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. तरीही घरांच्या आवारातील विहिरी नाहीशा झाल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी याच विहिरी हिवतापाचे उगमस्थान ठरल्या. विहिरीचा दोष कोणी ठरवावा आणि त्यावरील उपाय कोणाच्या संमतीने करावा, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

दोषाची बदललेली व्याख्या :
परंपरेने रंग, चव व वास यांवरून पाण्याची पारख होत असे. पाणी गढूळ झाल्यास गाळ काढणे, दुर्गंधी आल्यास विहीर उपसणे आणि पाणी मचूळ असल्यास ते केवळ धुण्यासाठी वापरणे, हे उपाय सर्वपरिचित होते. पटकीच्या साथींनी या पारखेची मर्यादा उघड केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्रा येथे ई. एच. हॅन्किन यांनी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी निर्जंतुक करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. येथे दोष पाण्यात होता व उपायही पाण्यावरच होता.

१८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे ॲनॉफिलीस डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी दाखवून दिला आणि विहिरीकडे पाहण्याची दृष्टी पालटली. डॉ. चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाची पाहणी करून १९११ मध्ये अहवाल सादर केला. शहरात हिवताप पसरविणारा ॲनॉफिलीस स्टीफेन्साय हा डास मुख्यतः विहिरींत व पाण्याच्या टाक्यांत वाढतो, हा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. म्हणजेच जुन्या कसोटीला उत्तम ठरणारी विहीर नव्या कसोटीला सदोष ठरू शकत होती. आता दोष पाण्यात नसून विहिरीच्या उघड्या तोंडात होता.

उपाय आणि आक्षेप :
विहीर बुजविणे किंवा तिला डास शिरणार नाही असे घट्ट झाकण बसविणे, हे दोन मार्ग महापालिकेने अवलंबिले. त्यांस पारशी व हिंदू समाजांतून विरोध झाला. पारशी धर्मात जल पवित्र असून विहिरीकाठी प्रार्थना केली जाते. हिंदूंच्या धार्मिक विधींसाठीही अनेक घरांत विहिरीचेच पाणी लागे. या विरोधाकडे केवळ अज्ञान म्हणून पाहता येत नाही. विहीर हे पाण्याचे साधन तसेच उपासनेचे स्थानही होते. अखेर झाकणात बारीक तारेच्या जाळीची उघडझाप करता येणारी खिडकी ठेवण्याची तडजोड झाली. महापालिकेच्या सेवेतील रुस्तम पेस्तनजी मसानी यांचा ‘फोकलोर ऑफ वेल्स’ (१९१८) हा ग्रंथ याच वादाच्या पार्श्वभूमीवर आकारास आला.

ही तडजोड तांत्रिकदृष्ट्या नाजूक होती. जाळी फाटली किंवा खिडकी उघडी राहिली तर उष्ण हवेत सुमारे आठ-दहा दिवसांत अळीचा डास होऊ शकतो. त्यामुळे झाकणाचे यश कायद्याइतकेच घरमालकाच्या नित्य देखभालीवर अवलंबून होते.

निष्कर्ष :
१) विहिरीचा दोष ही स्थिर बाब नसून वैद्यकीय ज्ञानाबरोबर तिची व्याख्या बदलत गेली.
२) बुजविलेल्या विहिरीमुळे डासांचे एक स्थान नष्ट झाले, त्याचबरोबर पाण्याचा स्थानिक स्रोतही गमावला गेला.
३) जाळीच्या खिडकीने आरोग्य व श्रद्धा यांचा मेळ घातला; मात्र वापरणाऱ्याच्या सहभागाशिवाय तो टिकणे शक्य नव्हते.

एप्रिल २०२५ मध्ये भूजल परवान्यांबाबत विहीरमालकांना नोटिसा दिल्या गेल्यानंतर मुंबईतील टँकरचालकांनी पुरवठा थांबविला, तेव्हा शहराचे विहिरींवरील अवलंबित्व पुन्हा प्रकर्षाने दिसून आले. विहिरीचे नियमन करताना तिच्या उपयोगकर्त्यास विश्वासात घेणे, हा शतकापूर्वीच्या अनुभवाचा धडा त्यामुळे आजही उपयुक्त ठरतो.