अभिसंधानात नेमके काय शिकले जाते?

इवान पाव्हलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते पचनक्रियेच्या संशोधनासाठी. त्यांच्या प्रयोगशाळेतली कुत्री अन्न तोंडात पडायच्या आधीच, अन्न येत असल्याची चाहूल लागताच लाळ गाळू लागत. पाव्हलोव्हनी या 'आधीच'चा पाठपुरावा केला. मेट्रोनोमचे ठोके ऐकवायचे, मग अन्न द्यायचे. असे काही वेळा केले की नुसत्या ठोक्यांनीही लाळ सुटते. ठोके हा अभिसंधित उद्दीपक, लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया. दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की त्यांची सांगड बसते, हे स्पष्टीकरण यातूनच रुजले आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी आजही ते पाठ करतात. ते अपुरे आहे. नुसत्या सहवासाने शिकणे घडत नाही. पुढे काय होणार याची काही नवी खबर मिळाली, तरच ते घडते.

रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये हे दाखवून दिले. उंदरांच्या एका गटाला ध्वनी चालू असतानाच अधूनमधून विजेचा सौम्य धक्का बसे. दुसऱ्या गटाला ध्वनीच्या काळात तितकेच धक्के मिळत, पण ध्वनी नसतानाही धक्का बसण्याची शक्यता तेवढीच ठेवलेली होती. ध्वनी आणि धक्क्याच्या जोड्या दोन्हीकडे सारख्याच होत्या. तरी ध्वनीची भीती बसली ती पहिल्या गटालाच, कारण दुसऱ्या गटात ध्वनीवरून काहीच कळत नव्हते.

लिओन केमिन यांचा प्रयोग मला याहून निर्णायक वाटतो. उंदीर अन्नासाठी तरफ दाबत असतो. भीती वाटली की त्याचे दाबणे थांबते, म्हणून दाबण्याचा वेग हेच भीतीचे माप. पहिल्या टप्प्यात गोंगाटानंतर धक्का, असे १६ वेळा. दुसऱ्या टप्प्यात गोंगाटाबरोबर दिवाही लावायचा आणि मग धक्का, असे ८ वेळा. शेवटी फक्त दिवा लावून पाहायचे. या मापात ०.५ म्हणजे भीती मुळीच नाही आणि ० म्हणजे दाबणे पूर्ण बंद. ज्या उंदरांना पहिला टप्पा मिळालाच नव्हता, त्यांचा आकडा दिव्यापुढे ०.०५ आला; ते जवळजवळ गोठून गेले. पहिला टप्पा झालेल्यांचा आला ०.४५. दोन्ही गटांनी दिवा आणि धक्का ८ वेळा एकत्र अनुभवले होते. पण ज्याला गोंगाटावरूनच धक्क्याची पूर्वसूचना मिळत होती, त्याच्यासाठी दिव्यात नवे काही नव्हते.

याच निष्कर्षांवरून रेस्कोर्ला आणि ॲलन वॅगनर यांनी १९७२ मध्ये एक गणिती सूत्र मांडले. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत जितकी तफावत, तितके शिकणे अधिक. तफावत संपली की शिकणे थांबते. या कल्पनेला पुढे मेंदूतूनच दुजोरा मिळाला. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामाइन पेशींचे मापन केले. सुरुवातीला या पेशी फळाचा रस मिळताच उद्दीपित होत. प्रशिक्षणानंतर त्या रसापूर्वीच्या संकेताला उद्दीपित होऊ लागल्या. आणि संकेत देऊनही रस दिला नाही, तर नेमक्या रसाच्या वेळी त्यांची क्रिया मंदावली.

अर्थात कोणताही संकेत कशाशीही जुळतो असे नाही. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांच्या १९६६ च्या प्रयोगात उंदरांनी चवदार पाणी चाटले की प्रकाश आणि आवाजही होई. नंतर मळमळ झालेल्या उंदरांनी चव टाळली; धक्का बसलेल्यांनी प्रकाश आणि आवाज टाळला. प्राण्याच्या जातीचा इतिहासही या शिकण्यात हिशेबात धरावा लागतो.

स्किनर यांच्या साधक अभिसंधानात संकेताची जागा प्राण्याची स्वतःची कृती घेते, आणि प्रबलनाने, म्हणजे बक्षिसासारख्या परिणामाने, ती कृती वाढते. तिथेही अपेक्षेचाच धागा दिसतो. रडल्यावर दर वेळी मोबाइल मिळणाऱ्या मुलाला तो एकदा नाकारला की काहीतरी बदलले आहे हे लवकर उमगते. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय असलेल्याला एका नकारातून काहीच कळत नाही. म्हणून ते रडतच राहते. अधूनमधून दिलेले प्रबलन अधिक चिवट ठरते, ते यामुळे.

सर्वांत जास्त गैरसमज आहे तो विलोपनाबद्दल. ठोके वाजवत राहायचे, पण अन्न द्यायचे नाही. लाळ कमी होत होत थांबते. जुने पुसले गेले असे वाटते, पण काही वेळ मध्ये जाऊ दिला की तीच लाळ पुन्हा सुटते, हे खुद्द पाव्हलोव्हनीच नोंदवले होते. मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत एका पिंजऱ्यात बसवलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात विलोपित केली, तरी उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परतताच ती उफाळून आली. म्हणजे विलोपनात जुनी शिकवण शाबूत राहते, तिच्या शेजारी 'इथे आता तसे होत नाही' अशी नवी शिकवण उभी राहते, आणि ही नवी शिकवण जागेला फार घट्ट चिकटलेली असते.

उपचारांसाठी याचे महत्त्व मोठे आहे. तज्ज्ञाच्या खोलीत ओसरलेली भीती रुग्णाच्या घरी पुन्हा डोके वर काढते. व्यसनमुक्ती केंद्रात शांत झालेली ओढ जुन्या गल्लीत, जुन्या सोबत्यांत पाऊल टाकताच जागी होते. याला रुग्णाच्या निर्धाराची उणीव मानणे अन्यायाचे आहे. लिफ्टला घाबरणाऱ्या माणसाकडून एकाच इमारतीत सराव करून घेणे म्हणूनच पुरत नाही. निरनिराळ्या इमारतींत, निरनिराळ्या वेळी, कधी सोबत तर कधी एकट्याने तो करून घ्यावा लागतो, आणि काही आठवड्यांच्या खंडानंतर पुन्हा तपासून पाहावा लागतो.