ओबर्लिनच्या शेडमधलं ॲल्युमिनियम

आपल्या छोट्या कॉलेजात संधी कुठली, असं वाटतंय? मग ओहायोतलं ओबर्लिन कॉलेज बघा. रसायनशास्त्राचे प्रा. फ्रँक ज्यूएट वर्गात म्हणाले, ॲल्युमिनियम स्वस्तात काढेल तो श्रीमंत होईल. चार्ल्स मार्टिन हॉल या विद्यार्थ्याने ते मनावर घेतलं. ज्यूएटनी त्याला प्रयोगशाळेत जागा दिली, सामान दिलं.

१८८५ला पदवी घेऊन हॉल घरच्या शेडमध्ये प्रयोग करू लागला. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून वीज सोडायची. पण धातू मिळेना, कारण मातीच्या मुशीतलं सिलिका त्यात उतरत होतं. मुशीला आतून कार्बनचं अस्तर दिलं आणि २३ फेब्रुवारी १८८६ला चकचकीत गोळ्या हाती आल्या.

खरी मेख पुढेच आहे. फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी हीच पद्धत शोधून एप्रिलमध्ये पेटंटचा अर्ज केला; हॉलचा अर्ज जुलैचा! पण अमेरिकेत तेव्हा अर्ज आधी कोणाचा यापेक्षा शोध आधी कोणाचा, हे बघायचे. हॉलने दुसऱ्याच दिवशी भावाला पत्राने सगळं कळवलं होतं. (तुमच्या लॅबवहीत तारखा असतात ना?) बहीण ज्युलियानेही साक्ष दिली, तीही ओबर्लिनमध्येच रसायनशास्त्र शिकलेली. १८८९मध्ये अमेरिकन पेटंट हॉलला मिळालं.