तिऱ्हाइताचा निवडणूक-खर्च व त्याचा कागद

पेशवे दप्तरांतील जमाखर्च ज्यांनीं चाळले आहेत, त्यांस 'दरबारखर्च' व 'अंतस्थ' हे शब्द अपरिचित नाहींत. उघड न बोलावयाच्या देण्यांसही तेथें नांव पडलें होतें. म्हणून आज त्यांचा माग लागतो. निवडणुकींत उमेदवाराखेरीज इतर मंडळ्यांनीं केलेल्या खर्चाचा असा माग पुढील संशोधकास लागेल काय, हा प्रश्न बीड जिल्ह्यांतील शिरूर कासारसारख्या गांवच्या संग्राहकानेंही विचारांत घेण्याजोगा आहे.

प्रथम कायदा पाहूं. सन १९२० च्या ३९ व्या कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानच्या दंडसंहितेंत १७१-एच हें कलम आलें. उमेदवाराच्या लेखी अधिकारावांचून त्याच्या निवडीसाठीं सभा, जाहिरात वा पत्रक यांवर खर्च करणारास ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. मात्र १० रुपयांपर्यंतच्या खर्चास १० दिवसांत त्याची लेखी संमति मिळाल्यास दोष नाहीं. शिरूर कासार तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. तेथें ही दंडसंहिता सन १९५१ मध्यें लागू झाली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १७६ व्या कलमांत दंड १०,००० रुपयांपर्यंत चढला. १० रुपयांची सवलत मात्र जशीच्या तशी राहिली.

आतां शब्दार्थ पाहूं. कलम निवडून आणण्यासाठीं केलेला खर्च म्हणतें. पाडण्यासाठीं केलेल्या खर्चाचा शब्द त्यांत नाहीं. शिवाय तें तिऱ्हाइतापाशीं परवानगी मागतें, हिशेब मागत नाहीं.

३ ऑक्टोबर १९७४ रोजीं कंवरलाल गुप्त यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, उमेदवाराच्या संमतीनें पक्षानें केलेला खर्च उमेदवाराच्याच खर्चांत धरावा, असा निर्णय दिला. त्याच महिन्यांत वटहुकूम निघून पक्ष, मंडळी व व्यक्ति यांचा खर्च वगळण्यांत आला. ही सरसकट सूट सन २००३ मध्यें गेली. पक्षनेत्यांच्या प्रवासखर्चाची तेवढी उरली.

उमेदवाराचा हिशेब १ रुपया शुल्क भरून कोणासही पाहतां येतो. तिऱ्हाइताचा पुरावा राहतो तो मुख्यतः छापील पत्रकांत. सन १९६१ मध्यें लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत घातलेल्या १२७-ए कलमान्वयें पत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें व पत्ते हवेत. प्रकाशकाच्या ओळखीचें प्रतिज्ञापत्र व पत्रकाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जावी लागते. येथें उमेदवारास पाडण्यासाठीं काढलेलें पत्रकही येतें. हातानें उतरलेली प्रत मात्र 'मुद्रण' नव्हे. ती या नियमांतून सुटते.

यावरून आमचें मत असें कीं, संग्राहकांनीं निवडणुकीचीं पत्रकें रद्दींत जाऊं देऊं नयेत. बांधणी करतांना त्यांची खालची कड कापूं नये. मुद्रक-प्रकाशकाची ओळ बहुधा तेथेंच असते. हस्तलिखित पत्रकाच्या पाठीवर तें कोठें व केव्हां मिळालें, हें पेन्सिलीनें लिहून ठेवावें. पैसा कोणाचा हें त्या ओळीनें सिद्ध होत नाहीं. पण चौकशी कोणाच्या दारीं सुरू करावी, हें तिच्यावरून कळतें. ती ओळ गेली म्हणजे तें दारही बंद झालें.