पाडा, टोळी आणि संघटना

आमच्या चिंचपाड्याच्या स्टेशनात सुरतेच्या गाडीची वाट पाहत शंभर माणसे उभी असली, तर त्यांस समाजशास्त्र नुसता जमाव म्हणते. गाडी आली की जमाव संपला. पण त्यांतील चौघे एकाच पाड्याचे असतील, तर सुरतेस उतरल्यावरही ते एकमेकांस शोधतात. हा समूह झाला. आणि नियम, वर्गणी व निवडलेले पुढारी घेऊन माणसे एका उद्दिष्टासाठी एकत्र आली, म्हणजे संघटना होते.

कूली या अमेरिकन पंडिताने १९०९ साली कुटुंब, शेजार, सवंगडी यांस प्राथमिक समूह म्हटले. तेथे माणूस अंतर्बाह्य ओळखला जातो. कचेरी, गिरणी, युनियन हे दुय्यम समूह. तेथे त्याच्या एका बाजूशीच संबंध. समाज सुधारला की पहिले मागे पडतात व दुसरे वाढतात, असा सर्वसाधारण समज आहे. कामगारांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

मुंबईच्या गिरणीतला जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे कामास लावी. म्हणजे यंत्राच्या दारात गावच उभे होते. १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले, गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणीगणिक समित्या झाल्या. जॉबरच्या मुठीतली माणसे आपल्या समितीत बसू लागली. तरीही विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्यांना मज्जावच होता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे कारण. त्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. दुय्यम संघटनेच्या पोटात प्राथमिक समूहाची भिंत कशी शिल्लक राहते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. भजनातून लोकांपर्यंत पोचलेले भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग महाराज यांच्याभोवती शहादा भागातील आदिवासी जमले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा झाला व त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. सालदारांची मजुरी, गेलेल्या जमिनी हे तिचे प्रश्न. गावोगाव तरुण मंडळे झाली. बायांनी दारूची मडकी फोडली. येथे पाडा मोडून संघटना झाली नाही. पाड्याच्या ओळखीवरच ती उभी राहिली, आणि नवऱ्याच्या दारूचा, म्हणजे घरातला, प्रश्नही चव्हाट्यावर आणू शकली.

आता आपला आजचा प्रश्न. दिवाळीच्या सुमारास या पट्ट्यातील कुटुंबे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जातात. मुकादम उचल देतो व टोळी बांधतो. तो बहुधा ओळखीतला, कधी नात्यातलाही. नात्याने तो मामा, धंद्याने कारखान्याचा माणूस. एकाच देही दोन भूमिका. मामाशी हिशेबाचे भांडण कोण करणार? टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मोळ्या बाई बांधते, पण हिशेबात तिचे नाव वेगळे नसते.

म्हणून आमचे म्हणणे असे : नाते हे दावे आहे. त्याने गुरू खुंट्याला बांधता येते आणि विहिरीत पडलेल्यास वरही काढता येते. प्रश्न एवढाच, की त्याचे टोक कोणाच्या हाती. निघण्यापूर्वी उचलीचा आकडा पाड्यावर सर्वांदेखत वाचला जावा, टोळीने आपला हिशेबनीस आपण निवडावा, आणि वहीत बाईचे नाव वेगळ्या ओळीवर लिहावे. याला मोठे भांडवल लागत नाही. एक वही आणि लिहिता येणारी एक मुलगी पुरे. आणि अशी मुलगी आज पाड्यापाड्यावर आहे.