क्षयाचा पत्ता

क्षय हा शहरांचा रोग, अशी समजूत स्वातंत्र्याच्या सुमारास शिकल्यासवरल्या लोकांतही घट्ट होती. गिरण्यांचा धूर आणि चाळींतल्या कोंदट खोल्या सर्वांना दिसत; खेड्यातल्या मोकळ्या हवेवर मात्र सगळ्यांची भिस्त. उपायही त्याला साजेसे, मिरज-पाचगणीकडच्या सॅनेटोरियमसारखे. १९४६च्या आरोग्यविषयक भोर समितीने देशात सुमारे २५ लाख क्षयरोगी असल्याचा अंदाज केला, आणि खाटा होत्या जेमतेम ६ हजार. साहजिकच, खाटा वाढवा ही मागणी पुढे आली. मग १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नमुना पाहणी केली. एक्स-रेची यंत्रे गाड्यांतून खेड्यांपर्यंत नेली, संशयितांची थुंकी तपासली. हजारी १३ ते २५ जणांच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणा दिसल्या, २ ते ८ जणांच्या थुंकीत जंतू सापडले. त्याहून मोलाचा निष्कर्ष असा, की खेडे आणि शहर यांच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता. दर पाचांतली चार माणसे खेड्यांत राहत असताना बहुतेक रोगीही तिथेच असणार, हे उघड झाले.

औषधांनाच पैसा नाही, तिथे डोकी मोजण्यावर खर्च कशाला, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मोजले नसते तर तोच पैसा शहरी इमारतींत गेला असता. मद्रासच्या प्रयोगाने १९५९मध्ये घरी औषध घेणारा रोगीही सॅनेटोरियममधल्यासारखाच बरा होतो हे दाखवले, तेव्हा त्या ज्ञानाचा उपयोग कुठे करायचा ते पाहणीमुळे ठाऊक होते. आकड्यांना एक मर्यादा मात्र आहे. रोगी कुठे आहे ते त्यांतून कळते, तो काय करतो ते कळत नाही. त्यासाठी बॅनर्जी आणि अँडरसन या संशोधकांना तुमकूर जिल्ह्यातल्या रोग्यांशी बोलावे लागले. निम्म्याहून अधिक जण आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते; अनेकांची बोळवण खोकल्याच्या बाटलीवर झाली होती! खेडूत अडाणी, तो येतच नाही, ही सबब तिथे संपली. १९६२चा राष्ट्रीय कार्यक्रम याच धाग्यावर विणला गेला: साध्या दवाखान्यात थुंकी तपासा, औषध घरी द्या.

पाहणी शिळी होते, हा दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो पाहणीविरुद्ध नसून ती एकदाच करण्याविरुद्ध आहे. १९५८नंतर साऱ्या देशाची तशी पाहणी थेट २०१९ ते २०२१मध्ये झाली. मधली सहा दशके जागोजागच्या छोट्या पाहण्यांवर निभावली. नव्या पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६३.६ टक्के लोकांनी उपचारच शोधले नव्हते. शिवाय ४२.६ टक्के रोगी केवळ एक्स-रेमुळे हाती लागले. नुसती लक्षणे विचारली असती तर ते निसटले असते. खोकणारा माणूस दारात येईल या भरवशावर दवाखाने उभे होते, त्या भरवशाची ही अवस्था. डिसेंबर २०२४मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत लक्षणे नसलेल्या जोखमीच्या लोकांचेही एक्स-रे काढायला हाती धरायची यंत्रे गावोगाव नेली, ती या आकड्यांनंतरच.