अमेरिकेतील वसाहती का उठल्या?

जुलूम असह्य झाला म्हणजे प्रजा बंड करते, हा सिद्धांत इतका सर्वमान्य झाला आहे की, तो पडताळून पाहण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. अमेरिकेतील तेरा इंग्रज वसाहतींचा इतिहास मात्र त्यात नीट बसत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास त्या वसाहतींतील गोऱ्या रहिवाशांएवढी सुखी प्रजा युरोपात विरळाच होती. जमीन मुबलक, मजुरी चढी, आणि करांचा बोजा खुद्द इंग्लंडातील लोकांच्या मानाने अगदीच हलका. असल्या प्रजेने १७७५ साली शस्त्र का उचलावे? आमच्या मते याचे उत्तर जुलमाच्या मापापेक्षा सवयीच्या मुदतीत शोधले पाहिजे.

व्हर्जिनियात लोकनियुक्त सभा १६१९ साली भरली. पुढे दीड शतक कर बसवावयाचा तो तेथील सभेने, आणि गव्हर्नराचा पगारही बहुतेक ठिकाणी तिनेच मंजूर करावयाचा, असा परिपाठ पडला. लंडनमध्ये व्यापारनिर्बंधाचे कायदे होत असत. परंतु मध्ये तीन हजार मैलांचा समुद्र होता, आणि जकात चुकविणे हा बंदरोबंदरी राजमान्य नसला तरी लोकमान्य असा धंदा होता. राज्य राजाचे, पण कारभार आपला, ही व्यवस्था कोठेही लिहिलेली नव्हती. म्हणूनच उभय पक्ष तिचा अर्थ आपापल्या सोयीने लावीत. फ्रेंचांचा धाक असेपर्यंत तो अर्थ तपासून पाहण्याची निकड कोणासही भासली नाही.

१७६३ च्या पॅरिसच्या तहाने कॅनडातून फ्रेंचांचे राज्य गेले, आणि एकाच वेळी दोन गोष्टी घडल्या. वसाहतींस रक्षणकर्त्याची गरज फारशी उरली नाही. आणि सात वर्षांच्या युद्धाने तेरा कोटी पौंडांच्या घरात गेलेले कर्ज उरावर असलेल्या रक्षणकर्त्यास रक्षणाचे मोल हवेसे वाटू लागले. ही मागणी मुळात अन्यायाची होती असे आम्हांस वाटत नाही. पण तिची रीत पाहा. १७६४ साली परदेशी काकवीवरील जकात गॅलनामागे सहा पेन्सांवरून तीन पेन्सांवर आणली, परंतु ती कडकपणे वसूल करण्याची तजवीज केली. सहा पेन्स कागदावर होते तोवर ते कोणास बोचले नाहीत. तीन पेन्स खरोखर मोजावे लागताच गाऱ्हाणी सुरू झाली. पुढल्या वर्षी दस्तऐवज, वर्तमानपत्रे व खेळण्याचे पत्ते यांवर पार्लमेंटने वसाहतींच्या सभांस न विचारता स्टँपचा कर बसविला. वकील, छापखानेवाले व व्यापारी हे तिन्ही बोलके वर्ग एकदम दुखावले. १७६६ साली हा कायदा रद्द झाला. पण त्याच दिवशी, वसाहतींस सर्व बाबतींत बंधनकारक कायदे करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने जाहीर करून ठेवला. पैसा सोडला आणि हक्क राखला! वसाहतवाल्यांचा तंटा तर हक्काबद्दलच होता.

याचा कळस चहाच्या प्रकरणी झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा लंडनच्या वखारींत पडून होता, आणि बंगालची दिवाणी मिळविलेली ही कंपनी कर्जात बुडाली होती. ज्या १७७३ साली तिच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख ठेवणारा रेग्युलेटिंग ॲक्ट झाला, त्याच साली तिला आपला चहा परभारे अमेरिकेत धाडण्याची सवलत मिळाली. चहा स्वस्त झाला. पौंडामागे तीन पेन्सांची जकात मात्र राहिली. स्वस्त चहाच्या घोटाबरोबर पार्लमेंटचा हक्कही गिळावा लागेल, हे बोस्टनकरांनी ओळखले, आणि १६ डिसेंबर रोजी ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. सरकारने १७७४ साली बोस्टनचे बंदर बंद केले व मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. एकीची सनद आज बदलता येते तर आपली उद्या बदलता येईल, हे इतर वसाहतींस कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्याच वर्षी एक जॉर्जिया वगळता सर्वांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियास जमले, आणि १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन येथे गोळ्या झडल्या.

कोणी म्हणेल, हक्काची एवढी चाड होती तर जमैका व बार्बेडोस येथील इंग्रज का उठले नाहीत? त्यांच्याही सभा होत्या. स्टँपचा कर त्यांवरही होता. कारण उघड आहे. तेथे मूठभर गोऱ्यांभोवती गुलामांची अफाट संख्या होती. इंग्रजी फौज व आरमार यांवाचून मळेवाल्यांस सुखाची झोप आली नसती, आणि त्यांची साखर खपावयाची तीही इंग्लंडच्या राखीव बाजारात. तक्रार तीच, पण गरज सरलेली नव्हती. एतावता केवळ तक्रारीने बंड होत नाही. स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची जुनी सवय, रक्षणकर्त्याची सरलेली गरज, आणि नेमक्या त्याच वेळी दूरच्या सरकारने आपला कागदी अधिकार वापरून पाहण्याचा धरलेला हट्ट, ही तिन्ही एकत्र आली म्हणजे तीन पेन्सही जड होतात.

या कथेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. तेरा वसाहतींच्या सुमारे पंचवीस लाख वस्तीपैकी पाचवा हिस्सा काळ्या गुलामांचा होता. लंडनचा कर मानला तर आपण गुलाम ठरू, असे म्हणणाऱ्या कित्येक पुढाऱ्यांच्या घरी विकत घेतलेली माणसे राबत होती. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मुख्य लेखक जेफर्सन त्यांपैकीच एक. परंतु तत्त्व एकदा उच्चारले म्हणजे ते उच्चारणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. त्या देशातील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने उठली. आणि १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, ती उठविण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांस अर्पण केला. बोस्टनच्या व्यापाऱ्यांस अभिप्रेत नव्हता असा त्यांच्या शब्दांचा अर्थ पुण्यास एका माळ्याच्या घरी जन्मलेल्या पुरुषाने नीट ओळखला होता.